कानाला अचानक दडा बसला, तर पहिल्या दिवशी काय करायचं

सकाळी उठल्यावर एक कान गच्च वाटतो. फोन नेहमीच्या कानाला लावला तर समोरचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं, दुसऱ्या कानाला लावला की नीट ऐकू येतं. घरातलं एक माणूस म्हणतं, सर्दीनं दडा बसलाय, वाफ घे. दुसरं म्हणतं, मळ असेल, कोमट तेल सोड. बहुतेक वेळा या दोघांपैकी एकाचा अंदाज बरोबर निघतो. अडचण आहे ती उरलेल्या वेळांची. आतल्या कानाची, म्हणजे आपण ज्याला ढोबळपणे ‘कानाची नस’ म्हणतो तिची ताकद एकाएकी गेली, तरी माणसाला आधी ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. त्याला वाटतं, कान भरलाय. मळाच्या दड्यासारखाच हा दडा, तशीच गच्चता. आणि नस गेली असेल तर औषधाचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. आठ दिवस वाफ घेण्यात गेले की ते दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून पहिला नियम असा, की दडा कसा वाटतो यावरून कारण ठरवायचं नाही. कारणाचा अंदाज घ्यायला घरच्या घरी दोन मिनिटांत करता येतील अशा चाचण्या आहेत. त्या आधी करा, तेलाची बाटली नंतर.

आवाज अडतो कुठे

बाहेरून आत जाणारी कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, किंचित वळण घेते. तिच्या शेवटी पडदा. पडद्यामागे हवा भरलेली छोटी पोकळी, तिच्यात तीन इवलीशी हाडं. ही पोकळी सुमारे साडेतीन सेंटिमीटरच्या एका नळीनं नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. हाडांच्या पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखा भाग, त्यात द्रव आणि अतिनाजूक केसपेशी. आवाजाचं विजेच्या संकेतात रूपांतर तिथं होतं आणि तो नसेवाटे मेंदूकडे जातो.

मळ, पाणी, फाटलेला पडदा, सर्दीचा चिकट द्रव ही सगळी वाटेतली अडवणूक. अशा वेळी आतलं यंत्र शाबूत असतं, वाट मोकळी झाली की आवाज परत येतो. केसपेशींना किंवा नसेला इजा झाली तर मात्र वाट साफ असूनही आवाज पोचत नाही. तातडी ठरते ती या फरकावर.

गुणगुणून बघा

शांत खोलीत बसा. तोंड मिटून, खालच्या सुरात ‘म्म्म्म’ असं पाच-सहा सेकंद गुणगुणा. तो आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो याकडे लक्ष द्या.

आवाज बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला, तर बहुधा वाटेत अडथळा आहे. मळ, सर्दी, पाणी वगैरे. आवाज चांगल्या कानाकडे गेला आणि गच्च कानात काहीच घुमलं नाही, तर नसेचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

हे उलटं वाटतं ना? मग आत्ताच चांगल्या कानाच्या भोकावर बोट घट्ट दाबून गुणगुणा. बोट लावलेल्या कानात आवाज मोठा होतो. कवटीतून आलेला आवाज बाहेर पळू शकत नाही आणि बाहेरचा गोंगाटही आत येत नाही, म्हणून अडवलेल्या कानात तो जास्त वाटतो. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एकाच सुरात घुमणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळावर किंवा पुढच्या दातांवर टेकवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

दुसरी चाचणी फोनची. एकच कॉल, एकच आवाजाची पातळी, आधी एक कान मग दुसरा. फक्त आवाज बारीक झालाय, की शब्दच कळत नाहीत? आवाज येतोय पण शब्द पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, फाटलेले वाटतात, किंवा तोच सूर दोन कानांना वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतो, हे नसेच्या बाजूचं लक्षण. तिसरी, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून तो खसखस आवाज प्रत्येक कानाजवळ ऐकून बघायचा. असे उंच पट्टीतले हलके आवाज बहुधा आधी हरवतात.

या चाचण्या चुकतात कुठे? दोन्ही कान एकाच वेळी गेले असतील, किंवा ‘चांगला’ म्हणतो तो कानच आधीपासून अधू असेल, तर गुणगुणण्याचा निकाल फसवा येतो. उत्तर धड कळत नसेल तर ते ‘नस’ या बाजूलाच धरा. फुकट फेरी झाली तर एका दिवसाचं नुकसान. उलट चूक महाग पडते.

ताबडतोब रुग्णालय कधी

कान बंद होण्यासोबत चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, हाता-पायातली शक्ती जाणं, एकाचे दोन दिसणं किंवा उभंच राहता न येण्याइतका तोल जाणं, यातलं काहीही असेल तर कानाचा दवाखाना शोधत बसू नका. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्या मागच्या भागातल्या रक्तवाहिन्यांतूनच येते, त्यामुळे पक्षाघाताची सुरुवात कधीकधी कानापासून होते. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला तरीही तेच.

कानाच्या पाळीवर किंवा भोकात पाण्यानं भरलेले बारीक फोड, जबर ठणका आणि त्याच बाजूचा चेहरा ढिला पडणं, ही कानातली नागीण असते. तिच्यावरची विषाणूविरोधी औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली बरी. मंत्र-लेपात दिवस घालवू नका.

लहान मुलानं घड्याळातली किंवा रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी कानात घातली असेल तर पाणी, तेल, थेंब काहीही न घालता थेट रुग्णालयात न्या. ओलाव्यात ती काही तासांत कातडी जाळते.

नसेचा झटका

कानाची नस एकाएकी जाते, त्या झटक्याची वैद्यकीय व्याख्या नेमकी आहे. ७२ तासांच्या आत, ऑडिओग्राममधल्या, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या आलेखातल्या, सलग तीन वारंवारतांवर (सुरांच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. बहुतेकांचा एकच कान जातो. कित्येकांना सकाळी उठल्यावरच कळतं, काहींना आधी ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग शांतता. सोबत सूं किंवा शिट्टीसारखा आवाज असतो, काहींना चक्कर. दुखत मात्र नाही, आणि घात तिथंच होतो. दुखत नाही म्हणजे घाई नाही, असं आपलं गणित असतं.

बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. काहींचं ऐकणं आपोआप थोडंफार परतही येतं, पण कोणाचं येईल हे आधी सांगता येत नाही. उपचाराचा मुख्य आधार स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन तोंडावाटे, वजनाच्या दर किलोला दिवसाला १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, ७ ते १४ दिवस, मग हळूहळू कमी करत बंद. सुरुवात पहिल्या दोन आठवड्यांत व्हायला हवी, आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी. हे आकडे स्वतः गोळ्या आणून खाण्यासाठी दिलेले नाहीत. चिठ्ठीवर दिवसाला ५-१० मिलिग्रॅमच लिहिलेलं दिसलं, तर ‘मात्रा कमी ठेवण्याचं काही कारण आहे का?’ एवढं विचारण्यासाठी आहेत.

मधुमेह, रक्तदाब, पोटातला अल्सर, काचबिंदू, जुना क्षय, मानसिक आजार यांपैकी काही असेल तर आधी सांगा. स्टेरॉइडनं साखर झपाट्यानं चढते, म्हणून गोळ्या चालू असताना घरी ग्लुकोमीटरनं साखर बघत राहावं लागतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. संध्याकाळी घेतली की रात्रभर टक्क जाग. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायची नाही. ज्यांना तोंडावाटे चालत नाही, त्यांच्यासाठी पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात पडदा बधिर करून बाह्यरुग्ण विभागात होतं. गोळ्यांनी पुरता फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान हीच इंजेक्शनं दुसरी संधी म्हणून देतात.

या सगळ्यात एमआरआय कशाला, असं घरचे विचारतात. ऐकण्याच्या-तोलाच्या नसेवर वाढणारी एक साधी, कर्करोग नसलेली गाठ थोड्या रुग्णांत याच वाटेनं पहिल्यांदा उघडकीस येते. म्हणून ऐकणं पूर्ण परत आलं तरी ती तपासणी टाळू नका. ती उपचाराआधी व्हायलाच हवी असं मात्र नाही, एमआरआयची तारीख मिळेपर्यंत गोळ्या थांबवून ठेवू नयेत. उलट, डोक्याचा साधा सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी यांचा प्रत्येकाला उपयोग नसतो. ‘रक्ताभिसरण वाढवणाऱ्या’ गोळ्या आणि विषाणूविरोधी औषधं या झटक्यात सरसकट देऊ नयेत, असं या विषयावरची अमेरिकेतली २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी अपाय नाही, पण तेवढ्याच देऊन पंधरा दिवसांनी बोलावलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत त्याच दिवशी घ्या.

मळ

मळ ही घाण नाही, कातडीचं संरक्षण आहे. तो नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच तयार होतो आणि जबड्याच्या हालचालीनं आपणहून बाहेर सरकतो. इअरबड, हेअरपिन, काडेपेटीची काडी, गाडीची चावी ही अवजारं त्याला आत ढकलून पडद्याशी दाबून बसवतात. हल्ली कॅमेरा लावलेली कानकोरणी ऑनलाइन मिळतात. मोबाइलच्या पडद्यावर चित्र सुरेख दिसतं, पण खोली कळत नाही, आणि कानाच्या पडद्यापर्यंतचे शेवटचे दोन मिलिमीटरच तर महत्त्वाचे असतात.

मळाचा दडा बहुधा आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर बसतो. कोरडा मळ पाणी शोषून फुगतो आणि उरलेली फट बुजवतो. कालपर्यंत नीट ऐकू येत होतं, मग आजच मळ कसा झाला, याचं उत्तर हे.

पूर्वी कधी पडदा फाटलेला नसेल, कान वाहत नसेल, ऑपरेशन झालेलं नसेल, दुखत नसेल, तरच घरी मऊ करायचा प्रयत्न करा. औषधांच्या दुकानात मळ मऊ करणारे सोडियम बायकार्बोनेटचे थेंब मिळतात. साधं ऑलिव्ह तेलही चालतं. बाटली तळहातात धरून अंगाइतकी कोमट करा. कुशीवर झोपा, कानाची पाळी वर आणि मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते, चार-पाच थेंब सोडा, पाच मिनिटं तसंच पडून राहा. मग उठून बाहेर आलेलं रुमालानं टिपा. कापूस कोंबू नका. दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस. पहिल्या दिवशी दडा वाढू शकतो, कारण मळ फुगतो. घाबरून काडी घालण्याचा मोह तेव्हाच होतो.

काढायचं काम डॉक्टरांनी सक्शननं, हुकनं किंवा पाण्याच्या पिचकारीनं करावं. पिचकारीचं पाणी ३७ अंश, म्हणजे शरीराच्या तापमानाचं लागतं. थंड किंवा गरम पाण्यानं आतल्या कानातला द्रव ढवळला जाऊन जागच्या जागी गरगरतं. कानात मेणबत्तीची नळी पेटवण्याचा प्रकार निरुपयोगी आहे. त्यात दिसणारा पिवळा थर मेणबत्तीच्याच मेणाचा असतो.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. मळ काढल्यावर ऐकणं तिथल्या तिथं, त्याच खुर्चीत परत यायला हवं. आलं नाही, तर मळ निमित्त होता. तशाच दड्यानं घरी परतू नका, त्याच दिवशी ऑडिओग्राम करून घ्या. कानात मळ आणि नसेचा झटका एकत्र असू शकतात, आणि मळ दिसला की तपासणी तिथंच थांबते.

सर्दी, घाट, विमान आणि तारकर्लीचा समुद्र

नाकामागची नळी सुजून मिटली की पडद्यामागची हवा शोषली जाते, पडदा आत खेचला जातो आणि कान गच्च होतो. गिळताना टकटक आवाज, आपलाच आवाज डोक्यात घुमणं ही तिची खूण. पुण्याहून मुंबईकडे जाताना खोपोलीच्या उतारावर किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना कान बसतात, कारण खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि ही नळी बाहेरून आत हवा घ्यायला आढेवेढे घेते. चढताना त्रास कमी, उतरताना जास्त, हे विमानातही तसंच. विमानाच्या आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेएवढा ठेवलेला असतो, तिथून जमिनीवर यायचं असतं.

उपाय गिळण्याचा. गोळी चघळा, पाण्याचा घोट घ्या. त्यानं भागलं नाही तर नाक चिमटीत धरून घोट गिळा. तरीही कान मोकळा झाला नाही तर नाक आणि तोंड बंद ठेवून अगदी हलकेच, फुगा फुगवायच्या निम्म्या जोरानं हवा दाबा, एक-दोन सेकंद, बस. पू झालेली सर्दी असताना हे करू नका, जंतू वर ढकलले जातात. विमान उतरताना झोपू नका, तान्ह्या बाळाला उठवून अंगावर पाजा.

सर्दीत प्रवास टळत नसेल तर उतरायला सुरुवात व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी नाक मोकळं करणारा झायलोमेटाझोलीनचा स्प्रे, मोठ्यांसाठी ०.१ टक्क्याचा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडदीवर न आपटता बाहेरच्या भिंतीकडे जातो. सलग पाच दिवसांपेक्षा जास्त वापरला की त्याच औषधानं नाक चोंदायला लागतं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर आधी विचारा.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात स्कुबासाठी जाणाऱ्यांनी सर्दी असेल तर पैसे गेले तरी पाण्यात उतरू नये. खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळा करायचा. होत नसेल तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा बघायचं. बाहेर आल्यावर ऐकणं कमी आणि सोबत चक्कर असेल तर आतल्या कानाची पातळ पडदी फाटलेली असू शकते. अशा वेळी नाक दाबून कान मोकळा करायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी तपासा.

सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साचला तर तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. वाफेनं नाकाला आराम पडतो, द्रव लवकर निघत नाही. मोठ्या माणसाच्या एकाच कानात असा द्रव सर्दी नसताना साचला, किंवा महिनाभर हटला नाही, तर नाकातून दुर्बीण घालून मागचा भाग बघायलाच हवा. तिथली गाठ नळीचं तोंड दाबते आणि पहिली तक्रार कानाची येते. मानेत गाठ लागत असेल तर आठवडाही थांबू नका.

मुलांत हाच द्रव ‘हाक मारली तरी लक्ष देत नाही’ या रूपात दिसतो. टीव्हीचा आवाज वाढतो, शाळेतून तक्रार येते, मूल तोंड उघडं ठेवून झोपतं. तीन महिने थांबून बघतात. द्रव राहिला आणि ऐकणं कमी असेल तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. गालगुंड झालेल्या मुलाचे कान मात्र बरं झाल्यावर एकेक करून तपासा. गालगुंडानं एका बाजूची नस जाऊ शकते, आणि दुसऱ्या कानावर मूल इतकं सहज निभावतं की कित्येकदा वर्षांनी कळतं.

पावसाळ्यातला कान, आणि तेल

जून ते सप्टेंबरात खाज, गच्चपणा आणि कानात ओल्या वर्तमानपत्राचा लगदा असल्यासारखं दिसणं, ही बुरशी. दमट हवेत तेल सोडलेला कान तिला आयता मिळतो. लसणाचं तेल तापवून घालणं तर दुहेरी नुकसान, कातडी भाजते आणि बुरशीही वाढते. आदल्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक-स्टेरॉइड थेंब घातले तरी ती फोफावते. आधी सक्शननं कान साफ, मग क्लोट्रिमाझोल या बुरशीविरोधी औषधाचे थेंब, आणि पूर्ण कोरडा कान. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा भोकाशी ठेवा आणि बाहेर आल्यावर काढून टाका. दिवसभर कापूस घालून फिरलं तर आतला ओलावा आतच राहतो.

कानासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर जीव जात असेल तर नळीला जंतुसंसर्ग आहे. वयस्कर मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडवण्याइतका ठणकत असेल तर ते साधं दुखणं समजू नका, हाडापर्यंत गेलेला संसर्ग असू शकतो.

मळ मऊ करणं सोडलं तर तेलाचा एकच खरा उपयोग: कानात जिवंत किडा शिरला तर. पडदा शाबूत असेल तर थोडं खोबरेल सोडून आधी किडा मारायचा, मग डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. वाटाणा, हरभरा, चिंचोका गेला असेल तर पाणी नको, तो फुगून अडकतो.

थप्पड, सुतळी बॉम्ब, ढोल

उघड्या हाताची थप्पड नळीतली हवा दाबते आणि पडदा फाटतो. एक क्षण कळ, किंचित रक्त, मग दडा आणि शिट्टी. बहुतेक छिद्रं सहा ते आठ आठवड्यांत आपोआप भरतात, अट एकच: कान कोरडा. थेंब नको, पोहणं नको, नाक जोरात शिंकरणं नको. मारहाणीतला कान असेल तर डॉक्टरांकडून छिद्राची नोंद पहिल्याच दिवशी लिहून घ्या. भरून आल्यावर पुरावा उरत नाही.

फटाक्यांनी किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यानं कानठळ्या बसतात, तेव्हा केसपेशी दमलेल्या असतात. सुरक्षित वेळेचं कोष्टक सोपं आहे: ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांची एका सरावाची वेळ यात कुठे बसते ते ज्यानं त्यानं मोजावं. फोमचे बोळे स्वस्त आहेत, पण बहुतेकजण ते नुसते टेकवतात. बोळा बोटांत लाटून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. मिरवणुकीनंतर दडा चोवीस तासांत ओसरला नाही तर ऑडिओग्राम.

पुन्हापुन्हा येणारा दडा

कान भरणं, घूंघूं आवाज, ऐकणं कमी आणि मग वीस मिनिटं ते बारा तास चाललेली गरगर, असे झटके पुन्हापुन्हा येत असतील तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्यात सुरुवातीला जाड, खालच्या पट्टीतले आवाज जातात आणि झटक्यानंतर परत येतात. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, किती चालला हे वहीत लिहा. निदान बरंचसं त्या वहीवरच होतं. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ आवरा.

ऑडिओग्राम आणि पडदा दोन्ही ठणठणीत, तरी गच्च? मग जबड्याचा सांधा बघा: रात्री दात खाणं, सुपारी किंवा गुटखा चघळणं, एकाच बाजूनं जेवणं. अलीकडे वजन बरंच घटलं असेल आणि स्वतःचा श्वास कानात ऐकू येत असेल, आडवं झाल्यावर थांबत असेल, तर नाकामागची नळी मिटतच नाहीये.

औषधांची पिशवीही सोबत न्या. अमिकॅसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन, शिरेतून दिलेलं जास्त मात्रेचं फ्युरोसेमाइड, मलेरियावरचं क्विनाइन, जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन, ही कानाला लागतात. ॲस्पिरिन थांबवल्यावर कान बहुधा सुधारतो, इंजेक्शनांचं नुकसान सहसा भरून येत नाही. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलची गोळी घेतल्यावर अचानक ऐकू येईनासं झाल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००७ मध्ये इशारा छापायला लावला. लाजेपायी ही गोळी लपवू नका. मात्र चालू उपचार स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहिलं त्यांना त्याच दिवशी फोन करा.

दवाखान्यात

चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: कोणत्या तारखेला किती वाजता लक्षात आलं, गुणगुणणं कोणत्या कानात घुमलं, चक्कर किंवा शिट्टी आहे का, आणि आजार व औषधं. खिडकीवर ‘कान दुखतोय’ म्हणू नका, नंबर शेवटचा लागेल. ‘काल सकाळपासून एका कानानं अचानक ऐकू येईना’ असं म्हणा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात, गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऑडिओग्राम होतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून चालणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास ऐकण्या-बोलण्याच्या तपासण्यांसाठीच आहे, पण औषध सुरू करायला कानाचे डॉक्टर लागतातच.

ऑडिओग्रामवर दोन रेघा असतात, हवेतून आणि हाडातून ऐकल्याच्या. दोन्हींत फट असेल, हाडाची वर आणि हवेची खाली, तर अडथळा. दोन्ही एकत्र खाली गेल्या असतील तर नस. सोबतच्या टिंपॅनोमेट्रीच्या, म्हणजे पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीच्या, आलेखात टोकदार डोंगर म्हणजे पडदा नीट हलतोय, सपाट रेघ म्हणजे बहुधा मागे द्रव, डोंगर डावीकडे सरकला तर दाबाची गडबड. आलेखाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशीच होते. नसेच्या झटक्यात उपचार संपल्यावर एकदा आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा ऑडिओग्राम करायचा.

तोवर एका कानावर दिवस काढायचे आहेत हे विसरू नका. एका कानानं आवाजाची दिशा कळत नाही, मागून येणारी रिक्षा समोरून आल्यासारखी वाटते. रस्ता ओलांडताना मान वळवून दोन्हीकडे बघा, दुचाकी काही दिवस दुसऱ्याला चालवू द्या, जेवायला बसताना बंद कान भिंतीकडे करा. उरलेल्या चांगल्या कानात या काळात इअरफोन नको.